झाकणाची फट

मी खारीला मारलेली चप्पल आजवर खारीला एकदाही लागलेली नाही. खांबाला लागली, बादलीला लागली, एकदा तर भिंतीपलीकडे जाऊन शेजारच्या नर्सबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडली आणि ती परत मागायला मला एकाच पायात चप्पल घालून त्यांच्या दारात उभं राहावं लागलं. खार मात्र जागची हलत नाही. दाणापेटीवर बसून, शेपटी झटकत, चिर्र चिर्र करून मलाच चार शब्द सुनावते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

खारूताई वगैरे लाड ज्यांच्या घरचं तिने काही खाल्लेलं नाही त्यांनी करावेत. मी तिला भवानी म्हणते.

दाणापेटी म्हणजे पाखरांसाठी दाणे ठेवायची पेटी. दुकानात तिला फीडर म्हणतात आणि ती प्लास्टिकची मिळते. आमची लाकडाची आहे, मागच्या अंगणात खांबावर बसवलेली. समोर काच, काचेखाली बारीक चीर, चिरेतून दाणे पुढच्या फळीवर घरंगळतात आणि वर बिजागरीचं झाकण. चिमण्या पुढच्या फळीवर बसून खातात, शहाण्यासारख्या. भवानीला पुढचं दार चालत नाही, ती वरून जाते. झाकण उजव्या बाजूला आखूड आहे, तिथे फट राहिली आहे. त्या फटीतून ती आत उतरते, खाते, गालात भरते आणि जे जात नाही ते उधळून देते.

आता गंमत अशी की आमचे हे सुतार आहेत. साधेसुधे नाहीत, गावभर नाव असलेले. ह्यांनी बसवलेल्या खिडकीतून वारासुद्धा परवानगी मागून येतो, असं गिऱ्हाईकं म्हणतात. अशा माणसाच्या अंगणात, कुणालाही लांबून दिसेल असं आखूड झाकण. नवं कुणी घरी आलं की आधी झाकणाकडे बघतं, मग ह्यांच्याकडे बघतं आणि मग हवापाण्याबद्दल बोलायला लागतं.

कारण ती पेटी ह्यांनी केलेली नाही. ती आमच्या लेकीने केली.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायची, तिथे केसाएवढा फरक चालायचा नाही. दुकानात तिची कधी चूक झाली नाही, मालक स्वतः सांगायचे. घरी पाऊल टाकलं की मात्र सगळा आनंदीआनंद. कुलूप लावलं तर किल्ली आत, दूध तापत ठेवलं तर ते शेगडीवर, केस विंचरायला घेतले तर अर्धे विंचरलेले आणि बाईसाहेब फोनवर. तिचे बाबा तिला धांदल म्हणायचे. "आमची धांदल आली," असं ते म्हणेपर्यंत दाराजवळचं काहीतरी पडलेलंच असायचं.

एका सुट्टीच्या दिवशी तिने फर्मान काढलं, "बाबा, आज शेड माझी. तुम्ही बाहेर बसा." शेड म्हणजे आमच्या अंगणातली ह्यांची कामाची जागा. तिथे ह्यांच्या हत्यारांना मीसुद्धा हात लावत नाही. पण लेकीपुढे ह्यांचं कधी काही चाललंय? मुकाट्याने स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसले आणि नुसत्या आवाजावरून मला आतली बातमी देत राहिले. "करवत दाबतेय." थोड्या वेळाने, "खिळा वाकला." मग, "दुसरा वाकला." मी शिवणाच्या मशीनवर बसले होते, मला हसूही येत होतं आणि ह्यांची कीवही. उठून जावं, करवत कशी धरायची ते दाखवावं, यासाठी माणूस नुसता तळमळत होता.

संध्याकाळी ती पेटी घेऊन बाहेर आली. केसांत भुसा, नाकावर भुसा, अंगठ्याला चिंधी. पेटी पायरीवर ठेवली आणि ऐटीत झाकण लावलं.

ह्यांनी एकदाच बघितलं. "फळीची जाडी धरली नाहीस."

ते कसं, मलाही तेव्हाच कळलं. तिने पेटीचं माप आतून घेतलं आणि तेवढंच झाकण कापलं. पण झाकण बसतं पेटीच्या कडांवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या फळ्यांची जाडी त्यात मिळवायला हवी. ती राहिली. मग डावीकडे बरोबर जुळवून तिने झाकण ठोकलं आणि झालेली सगळी तूट उजवीकडे येऊन बसली. सुतारकामात पहिल्या दिवशी करायची चूक ही. हे इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "मापात पाप! आणि तेही सुताराच्या घरात!"

ती लालबुंद झाली. ह्यांच्या कानावरची चपटी पेन्सिल तिने ओढून घेतली, झाकण उघडलं आणि आतल्या बाजूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या अक्षरात लिहिलं, चुकलं नाही, असंच हवं होतं. त्याचंही माप चुकलं. शेवटचं 'होतं' लिहायला जागाच उरली नाही, ते बिचारं उजव्या कडेला अंग चोरून बसलं. त्यावर आम्ही तिघंही पुन्हा हसलो.

"आता ह्याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि पेटी रिकामी दिसली तर बघा. पाखरं एकदा सवयीने येतात आणि रिकामं बघून जातात, मला नाही आवडत ते."

पेटी कधी रिकामी राहिली नाही. ती होती तोपर्यंत नाही आणि त्यानंतरही नाही.

त्यानंतर म्हणजे गेल्या वर्षी. ती स्कूटरवरून कामाला निघाली होती. लोक भेटायला आले तेव्हा त्यांतला एकजण म्हणाला, "पोरगी जरा धांदरटच होती, घाई केली असेल." तिचे बाबा कधी कुणाला एक वाकडा शब्द बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी त्या माणसाला दाराबाहेर काढलं. कारण तिने घाई केली नव्हती. ती सिग्नलला उभी होती. नीट, रेषेच्या मागे, एक पाय जमिनीला टेकवून. मागून आलेल्या ट्रकचा ब्रेक लागला नाही. आयुष्यात एकदा स्वस्थ उभी राहिली माझी पोर आणि तेच तिला भोवलं.

रडायचं म्हणून मी रडले, तेव्हा. पण एक गोष्ट मला अजून जमली नव्हती. तिच्या नावाने फोन यायचे. वाचनालयातून यायचा, कुठल्यातरी व्यायामशाळेतून यायचा, चष्म्याच्या गिऱ्हाइकांचे यायचे, की मॅडम आहेत का, त्यांच्याच हातून माप घ्यायचंय. मी म्हणायचे, "बाहेर गेलीय." आणि फोन ठेवायचे. हे ऐकायचे. दुसरं वाक्य माझ्या तोंडातून निघायचंच नाही. जिभेवर यायचं आणि मागे फिरायचं.

भवानी आली ती त्याच सुमाराला. आधी नुसता एक पंजा फटीतून आत जायचा. मग तिने काय केलं असेल? झाकणाची कड कुरतडायला घेतली. खारीचे दात सारखे वाढत असतात, त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं, असं नर्सबाईंनी मला सांगितलं. असेल. सगळं जग पडलं होतं कुरतडायला. कुंपण होतं, झाड होतं, नर्सबाईंचं लाकडी गेट होतं. हिला माझ्या लेकीचं झाकण सापडलं.

मग आमच्याकडे युद्ध सुरू झालं. ह्यांनी खांबाला ग्रीस फासलं. पहिल्या दिवशी भवानी अर्ध्यापर्यंत चढली आणि घसरगुंडीवरून यावी तशी खाली आली. आम्ही दोघं खिडकीत उभे होतो, कितीतरी दिवसांनी ह्यांच्या तोंडावर हसू दिसलं. दुसऱ्या दिवशी ती कपड्यांच्या दोरीवरून चालत आली आणि तिथून उडी मारून पोचली. दोरी काढली, तर माझे कपडे कुठे वाळत घालू हा नवा प्रश्न. ह्यांनी खांबाला पत्र्याचं नरसाळं उलटं बसवलं, तर ती भिंतीवरून आली. खांब उपटून अंगणाच्या मधोमध रोवला, तर स्वयंपाकघराच्या पत्र्यावरून आली. शेवटी असं लक्षात आलं की तिची उडी मोठी आहे आणि आमचं अंगण लहान आहे, त्याला सुतार तरी काय करणार?

दाण्यांना तिखट लावून झालं. पाखरांना तिखट लागत नाही, खारीला झोंबतं, असं ह्यांना दाणेवाल्याने सांगितलं होतं. वाऱ्याने ते तिखट ह्यांच्याच डोळ्यांत गेलं आणि भवानीने मिटक्या मारत सगळं संपवलं. ती उधळायची त्या दाण्यांवर कबुतरं जमली. कबुतरांनंतर रात्रीची एक घूस यायला लागली आणि माझ्या कुंडीखाली बीळ करून राहिली. नर्सबाईंचा एक बोका आहे, मुकादम नावाचा. त्याला आम्ही मोठ्या आशेने खांबाखाली आणून ठेवलं. तो तिथे झोपला. वरून दाण्यांची टरफलं त्याच्या अंगावर पडत होती आणि तो कूस बदलत होता. मुकादमच तो.

हे सगळं चालू होतं आणि फट जिथल्या तिथे होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मला ते दिसत होतं, ह्यांना दिसत नव्हतं असं कसं म्हणू? पण मी बोलले नाही. सोनारानेच कान टोचलेले बरे असतात आणि ते काम एके दिवशी नर्सबाईंनी भिंतीपलीकडून केलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "जगाची दारं-खिडक्या नीट करता. एवढीशी पट्टी मारा ना त्या झाकणाला. दहा मिनिटांचं काम आहे, उगाच पत्रे काय ठोकत बसलाय?"

ह्यांच्या हातात पत्रा होता. तो त्यांनी खाली ठेवला. "ते झाकण बरोबर आहे," ते म्हणाले.

नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्या शहाण्या बाई. वाळत घातलेल्या चादरी ओढल्या आणि आत गेल्या.

त्या दिवशी जेवताना मी विषय काढलाच. "पट्टी नको तर नको. पेटी घरात आणू या. कपाटावर ठेवू."

"कपाटावर ठेवायला नाही केली तिने."

"आणि खाऊन संपली म्हणजे? आतलं बघितलंय का? 'होतं' गेलं."

त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी बघितलं होतं. रोज सकाळी दाणे घालताना झाकण तेच उघडत होते. उजव्या कडेला अंग चोरून बसलेलं ते 'होतं' सगळ्यात आधी भवानीच्या दाताखाली सापडलं. आता नुसतं 'चुकलं नाही, असंच हवं' एवढंच उरलं होतं आणि त्याच्यापुढे उघड्या पडलेल्या लाकडाचे पांढरे ओरखडे.

"रिकामी पेटी तिला आवडायची नाही," ते म्हणाले.

"मग पट्टी मारा."

"तिने केलंय ते मी सुधारू?" ते एकदम मोठ्याने म्हणाले. "ती असताना नाही सुधारलं. तेव्हा हसलो. आता ती नाही म्हणून..." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं होऊन बसलं होतं आमचं. ते ताट सारून उठले आणि शेडमध्ये जाऊन बसले. तिथून कसलाच आवाज आला नाही. ठोकण्याचा नाही, करवतीचा नाही. ह्यांच्या शेडमधून आवाज आला नाही की मला भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी मी दाणे आणायला गेले आणि येताना उंदराचं औषध घेऊन आले. होय, आणलं. कुणी माझ्या लेकीचं अक्षर खात असेल तर मी त्याला काय दूधभात घालू? पुडी मी स्वयंपाकघरात ठेवली, ह्यांनी ती बघितली, दोन बोटांत धरून बाहेर नेली आणि कचऱ्यात खोल पुरली. परत येऊन हात धुतले.

"पाखरंही तिथलंच खातात," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

'हवं' जायला लागलं ती सकाळ मला आठवते. अर्धं गेलं होतं, 'ह' शाबूत होता. मी शेडमधून ह्यांचा पेचकस आणला आणि स्टुलावर चढून स्वतःच पेटीचे स्क्रू काढायला लागले. माझ्याच्याने एक निघेना. हे मागून आले. मला वाटलं अडवतील. त्यांनी पेचकस माझ्या हातातून घेतला, स्क्रू काढले आणि पेटीची एक बाजू धरली. दुसरी मी धरली. आम्ही दोघांनी ती उचलून घरात आणली, सांभाळून, दोघांमध्ये. अशी काही ती जड नव्हती. मी शिवणाच्या मशीनवरचं सगळं खाली ठेवून तिला तिथे जागा केली.

"तशीच दुसरी करतो," ते म्हणाले. "हुबेहूब."

"फटीसकट?"

"फटीसकट."

मग रोज कामावरून आले की शेडमध्ये. तेच लाकूड काढलं, तिने वापरलं होतं त्यातलंच उरलेलं. मशीनवरची पेटी सारखी येऊन बघून जायचे. तिचा एक खिळा वाकून आडवा झाला होता, ह्यांनीही एक खिळा वाकवला. तिची एक फळी उलटी लागली होती, गाठीची बाजू बाहेर, ह्यांनीही तशीच लावली. मी चहा घेऊन गेले तर पोरासारखे दाखवायचे, "हे बघ, इथे तिची पटाशी घसरली होती, मीपण घसरवली." मला बरं वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदा संध्याकाळी शेडमधून लाकडाचा वास येत होता. इतके दिवस नुसता ग्रीसचा यायचा.

शेवटी झाकण राहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. मी हातातलं शिवण टाकून गेले. पेटी बाकावर होती. त्यांनी झाकण उचललं, डावीकडे जुळवलं आणि सोडलं.

ते टप करून बसलं. फट नव्हती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. कागद सरकवायचा म्हटला तरी सरकला नसता.

हे बघतच राहिले. झाकण उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा टप.

"मी आतलंच माप घेतलं होतं," ते म्हणाले. "आतलं घेतलं, तेवढीच खूण करायची असं ठरवून केली. तिने केली तशीच."

"मग?"

"हाताने जाडी धरली. मला न विचारता. खूण करताना पट्टी पुढे सरकवली असणार, मला कळलंसुद्धा नाही."

"मग कापा की आता थोडं," मी म्हणाले.

त्यांनी पेन्सिल घेतली, गुण्या लावला, उजव्या कडेला रेघ मारली. सरळ, काटकोनात. रेघेकडे बघत राहिले आणि मग ती पुसून टाकली. "मुद्दाम कापलेलं ते कापलेलंच दिसतं गं," ते म्हणाले. "ती चुकली होती. मला चुकताच येत नाही." हे म्हणून त्यांनी झाडू घेतला आणि शेडमधला भुसा गोळा करायला लागले. भुसा गोळा झाला तरी झाडतच राहिले.

तरी पेटी आम्ही बसवली. खांब रिकामा दिसत होता आणि पाखरं येऊन नुसत्या खांबावर बसून जात होती, ते आम्हां दोघांनाही बघवत नव्हतं. दाणे घातले. त्याच दिवशी चिमण्या आल्या. त्यांना काय, त्या पुढून खाणाऱ्या. पेटी छान होती. अंगणात इतकी नीट वस्तू दुसरी नव्हती आणि मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भवानी आली.

मी पायरीवर उभी होते. सवयीने हात चपलेकडे गेला होता. ती पत्र्यावरून उडी मारून झाकणावर उतरली आणि इकडेतिकडे न बघता थेट उजव्या कोपऱ्यात गेली. नाक लावलं. पंजा लावला. नखांनी कडेवरून खरवडलं, पुढून मागे, मागून पुढे. मग ती सबंध झाकणावरून एक फेरी मारून आली आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात बसली. पुन्हा नाक लावलं. डाव्या कोपऱ्यात तिने बघितलंही नाही. पुढच्या फळीवर दाणे पडले होते, तिकडेही गेली नाही. तिला ठाऊक होतं कुठे असतं ते. तिथे असायलाच हवं होतं. ती तिथेच बोटं घालत राहिली. ओरडली नाही, मला चार शब्द सुनावले नाहीत, नुसती शोधत राहिली.

त्या कोपऱ्यात जे होतं ते जगात आता तिघांनाच हवं होतं. मला, ह्यांना आणि हिला.

"नाही गं तिथे," मी म्हणाले. "शोधू नकोस. नाही ती आता." आणि मग, "गेली ती. वारली गं माझी पोर."

माझाच आवाज मला ऐकू आला. वर्षभर फोनवर जे वाक्य कुणाला सांगता आलं नाही, ते मी खारीला सांगितलं. चप्पल हातातून सुटली. मी पायरीवर बसले आणि गळा काढून रडले, सकाळच्या वेळी, दार उघडं टाकून, कुणी ऐकेल याची पर्वा न करता. पलीकडे नर्सबाईंचं दार वाजलं आणि पुन्हा हलकेच लागलं.

हे शेडच्या दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. माझ्याजवळ आले नाहीत. आत गेले आणि करवत घेऊन बाहेर आले.

"झाकण धर," ते म्हणाले.

भवानी उडी मारून भिंतीवर गेली. मी पदराने तोंड पुसलं, झाकण उघडून दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ह्यांच्या कानावर पेन्सिल नव्हती, हातात पट्टी नव्हती, खूण नव्हती, काही नव्हतं. त्यांनी उजव्या कडेजवळ करवत टेकवली आणि ओढली. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. दोन्ही हात कामात, त्यामुळे पुसायला हात नव्हता. पाणी नाकावरून ओघळत होतं, लाकडावर पडत होतं, भुशात मिसळत होतं. लेक गेली तेव्हा दाराशी उभं राहून आल्यागेल्याला पाणी विचारणारा हा माणूस. मी त्याला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. करवत चालतच राहिली. पत्रा आणि भिंत आणि मी, ह्यांतलं त्यांना काहीही दिसत नसणार.

लाकडाची पट्टी तुटून खाली पडली. त्यांनी करवत ठेवली आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. सुरुवातीला कड बाहेर गेली होती, मध्येच आत वळली होती आणि शेवटी पार तिरपी होऊन संपली होती.

"वाकडं गेलं," ते म्हणाले. लहान मुलासारखं माझ्याकडे बघितलं. "अगं, वाकडं गेलं."

मी झाकण सोडलं नाही.

"जाऊ द्या," मी म्हणाले. "चुकलं नाही. असंच हवं होतं."